डब्यातला मासा

काल मॉलमधी अर्धा तास माशाचे डबेच उलटेपालटे करायलो, बायको म्हणली पोरगी बघायलाव का काय 😀 आपल्या नांदेडात मासा म्हणजे गोदावरीचा रोहू नाहीतर मरळ, हे समुद्राचं प्रकरण नवीन. टूना घेणार होतो पण लेबल वाचलं तर १८५ ग्रॅमच्या डब्यात मासा १३० ग्रॅमच, बाकी तेल! मग तारली (सार्डिन, छोटा समुद्री मासा) घेतली, स्वस्त पण अन् काटे डब्यातच शिजून इतके मऊ होतात की चावून खाता येतात, म्हणजे कॅल्शियम फुकटात, वरून माशात साठणारा विषारी पारा पण टूनापेक्षा कमी. आज ऑफिसात भाकरीवर तारली, कच्चा कांदा, थोडा ठेचा... लई भारी. खारट लागली जरा, उद्या धुऊन घेतो. शेजारच्या टेबलावरच्यानं मात्र गुपचूप खिडकी उघडली.