यादीच्या टेबलापाशी मी का बसत नाही

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या, अन्नवाटपात मी तांदळाची पोती उचलतो, गाडी चालवतो, पण नावे तपासायच्या टेबलापाशी बसत नाही. याचे कारण आपल्या मंडळातले कोणी ना कोणी दर नोव्हेंबरात विचारते आणि मी पाठदुखीचे निमित्त पुढे करतो. पोती उचलणाऱ्याची पाठ बसल्यावरच कशी दुखते, हे सुदैवाने अजून कोणी विचारलेले नाही. यंदा तुम्ही सरळच विचारलेत म्हणून सांगतो.

२०११ साली मी त्या टेबलापाशी बसलो होतो. टर्की, म्हणजे या सणाला भाजतात ते मोठे पक्षी, चाळीस होत्या, रांग त्याहून मोठी होती आणि पत्त्याचा पुरावा पाहण्याचा नियम मी केलेला नव्हता. साठीकडे झुकलेल्या एका कृष्णवर्णीय बाईंनी विजेचे बिल पुढे केले. ते त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या नावावर होते. वितळू लागलेल्या टर्कीचे पाणी वहीवर ठिबकून शाई फुटली होती. ती कागदी रुमालाने टिपता टिपता, मान वर न करता, मी म्हणालो, "नाव जुळत नाही." त्या रागावल्या नाहीत. १९६२च्या हिवाळ्यात, दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवुड गावी, आपली आईही धान्याच्या टेबलावरून अशीच परत आली होती, एवढेच सांगून त्यांनी आणलेली कापडी पिशवी घडी घालून पर्समध्ये ठेवली. मला ग्रीनवुड ठाऊक नव्हते, तरी मी मान डोलावली. दार दहा पावलांवर होते. मी उठलो नाही.

ठाऊक झाले ते नंतर, वाचून. कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीची चळवळ जोर धरू लागली तेव्हा तिथल्या लेफ्लोर काउंटीच्या कारभाऱ्यांनी केंद्र सरकारकडून येणाऱ्या शिल्लक धान्याचे वाटप थांबवले, आणि कापूसवेचणी संपून हाताला काम नसण्याच्या नेमक्या त्या दिवसांत सुमारे २२,००० लोकांचे पीठ-तांदूळ बंद झाले. नाताळच्या सुमारास मिशिगनहून ट्रकभर अन्न आणि औषधे घेऊन निघालेल्या आयव्हनहो डोनाल्डसन आणि बेंजामिन टेलर या विद्यार्थ्यांना क्लार्क्सडेलमध्ये पकडून त्यांच्यावर अमली पदार्थांचा आरोप ठेवला गेला. औषधांत होत्या अ‍ॅस्पिरिन आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. फेब्रुवारी १९६३मध्ये विनोदवीर डिक ग्रेगरी विमानातून अन्न घेऊन पोहोचले, तर १९६४च्या नाताळात त्यांनी मिसिसिपीत टर्की वाटल्या.

हे वाचून मी काही काळ स्वतःला त्या कारभाऱ्यांच्या पंगतीत बसवले. २०११चा मी मात्र अजूनही हुज्जत घालतो: त्यांनी भुकेचे हत्यार केले होते, तू चाळीस टर्की पुरवत होतास, यादी नसती तर धटिंगणांनीच सगळे नेले असते. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे त्या मिसिसिपीतल्या मतदारहक्क चळवळीच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनीही मदतीसाठी दारी आलेल्यांना आधी मतदारनोंदणीला पिटाळले होते. म्हणजे अट तिथेही होती. त्या अटीमागे माणसाला उभे करण्याची धडपड होती, असे मी म्हणतो खरे, पण रांगेतल्या उपाशी माणसाला तो फरक कितपत जाणवला असेल, हे मी कशाच्या आधारावर सांगू?

तेव्हा यंदाही पोती मी आणीन. टेबलापाशी दुसरे कोणी बसेल, आणि नाव जुळत नसले की ते तसे सांगतील; मी तेव्हा बाहेर गाडीपाशी असेन.