रायतूरचा छापखाना आणि पणजीतली पोथी

मडगावहून राय गावावरून राशोलला गेलो. जुन्या मराठी कागदांतलं हे रायतूर. किल्ल्याची वेस अजून उभी आहे, टेकडीवर पाद्री घडवणारी सेमिनरी आहे आणि समोर जुवारी नदीच्या काठची हिरवी खाजणं, म्हणजे बांध घालून केलेली खारवट शेतं. १६१६ साली इथं मराठी ओव्यांचा एक ग्रंथ छापला गेला: फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण. जवळजवळ अकरा हजार ओव्या! १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट पंथाचा पाद्री दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत रमला, मराठी शिकला आणि नवख्रिस्ती लोकांसाठी बायबलची कथा ओवीत सांगू लागला. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, हे पुराण वाचलं जाई.

त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. उरल्या त्या लोकांनी हातानं केलेल्या नकला. त्यांतली एक पाहायला मी पणजीला, कृष्णदास शामा ग्रंथालयात गेलो. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आता पाटोला आहे.

पोथी रोमी, म्हणजे रोमन लिपीत आहे. पोर्तुगीज वळणाचं लेखन, 'श'च्या जागी 'एक्स'. पहिल्या पानावर डोळे नुसते अडखळत राहिले. मग ओठांतल्या ओठांत वाचू लागलो, आणि अक्षरांआडून आपली ओवी अगदी स्वच्छ ऐकू आली. अंगावर काटा आला.

हे पुराण रोमी लिपीत छापलं जावं, ही स्टीफन्सची आवड नव्हती. १६०८ साली त्यांनी रोमला पत्र लिहिलं होतं: इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापलेली पाहावीत, ही आपली फार दिवसांची इच्छा आहे. अडचण छपाईच्या अक्षरांच्या साच्यांची होती. आपल्या जोडाक्षरांसाठी सुमारे ६०० साचे ओतावे लागणार होते, आणि ते कुणाला शक्य वाटेना. पुराण छापल्यावर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये स्टीफन्स वारले. नागरीतली एक हस्तलिखित प्रत मात्र टिकली. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून ती लंडनच्या 'सोआस' या विद्यासंस्थेत पोचली आहे. ती मला अजून पाहायची आहे.

पणजीत मी एक ओवी निवडली आणि पेन्सिलीनं वहीत नागरीत उतरवली. चार चरणांना पाऊण तास लागला.