तुम्ही विचारलेत म्हणून : तमिळ न येणाऱ्याचे 'मुन्बे वा'

"तुम्हाला तमिळ येत नाही, मग ते गाणे ऐकून नेमके कळते तरी काय?" हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे विचारला जातो. गाडीत शेजारी बसलेले नातेवाईक विचारतात, कार्यालयात डबा खाताना सहकारी विचारतात, आणि दर वेळी "चाल आवडते" एवढे बोलून मी सुटका करून घेत आलो आहे. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आता तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

गाणे आहे 'मुन्बे वा'. सप्टेंबर 2006 मध्ये आलेल्या 'सिल्लुनु ओरु कादल' या चित्रपटातले, संगीत ए. आर. रहमान यांचे, शब्द वाली यांचे, आवाज श्रेया घोषाल आणि नरेश अय्यर यांचे. वाली यांचा जन्म 1931 चा, म्हणजे हे प्रेमगीत लिहिताना ते पंचाहत्तरीला टेकले होते. तमिळमध्ये 'वालिबम्' म्हणजे तारुण्य, आणि वाली या नावाशी त्याची सांगड घालून तिकडे त्यांना 'तरुण कवी' म्हणत. गाणे समजून घेतल्यावर ती पदवी निव्वळ शब्दखेळ वाटत नाही.

पहिली पाचसहा वर्षे मी ते शब्दांवाचूनच ऐकले. नायिकेचा आवाज अगदी जवळून बोलल्यासारखा येतो, प्रत्येक छोटा तुकडा 'वा' या अक्षरावर येऊन विसावतो आणि पुन्हा उचलला जातो. 'वा' म्हणजे 'ये', एवढे पोरालाही कळेल. मग अचानक बायकांचा मेळा वेगळ्याच, ठुमकत्या चालीत येतो आणि त्यात चक्क 'रंगोली' ऐकू येते. तमिळमधला रोजचा शब्द 'कोलम्'. दारात पिठाने ठिपके मांडून काढतात ते. वाली यांनी एकाच ओळीत रंगोलीही घेतली आहे आणि कोलमही, आणि पुढच्या ओळीत ते काढणारीच्या हातांना 'वाऴि', म्हणजे दीर्घायुषी व्हा, असा आशीर्वाद दिला आहे; मागे बांगड्यांचा 'जल जल' आवाज आहेच. प्रेमी युगुलाच्या खासगी बोलण्यात आळीतल्या बायका येऊन असा आशीर्वाद देऊन जातात, हे मला शब्द कळण्याआधीच चालीतून जाणवले होते. मात्र चालीने तिथवरच नेले. कडव्यात 'पू' हा शब्द सारखा कानावर पडे, आणि मराठी माणसाला त्या अक्षराने जे आठवायचे तेच आठवून हसू येई.

पुढची वाट दाखवली ती माटुंग्यात वाढलेल्या, माझ्यापेक्षा अस्खलित मराठी बोलणाऱ्या एका तमिळ सहकारी बाईंनी. त्यांनी पहिल्याच ओळीवर मला अर्धा तास थांबवले. आपल्याकडे यमक ओळीच्या शेवटी शोधायचे असते. तमिळ छंदात ते सुरुवातीला, दुसऱ्या अक्षरापाशी जुळवतात आणि त्याला 'एदुगै' म्हणतात. मुन्बे, अन्बे: पहिले अक्षर वेगळे, दुसरे तेच. लगेच पुढे 'ऊने वा, उयिरे वा', इथे आरंभीचे स्वर एकमेकांना साद घालतात. त्याला 'मोनै' म्हणतात. ऊन् म्हणजे देहाचे मांस, उयिर् म्हणजे जीव. समोर ये, माझ्या प्रेमा ये, माझ्या देहा ये, माझ्या जिवा ये. अर्थ तसा साधाच आहे, पण दोन हजार वर्षांच्या परंपरेतले नियम इतक्या सहजपणे पाळले आहेत की ते नियम आहेत हे लक्षातही येत नाही. मी इतकी वर्षे 'चाल आवडते' म्हणत होतो, त्या चालीचा बराचसा भाग या अक्षरांच्या बांधणीतूनच आलेला होता.

नंतरची ओळ मला सगळ्यांत जास्त आवडते. 'नान्' म्हणजे मी. तमिळमध्ये शब्दाच्या शेवटी 'आ' लावला की त्याचा प्रश्न होतो. आपल्यासारखा वेगळा 'का' जोडावा लागत नाही. म्हणून 'नान् नाना' म्हणजे 'मी मीच का?', असे नायिका स्वतःलाच विचारते. आणि पुढे 'नान् नीया', 'मी तू आहे का?'. आता हे गायकाच्या बाजूने पाहा. शेवटचा स्वर लांबवला की विधानाचा प्रश्न होतो, म्हणजे जे व्याकरणाचे काम तेच सुराचे. श्रेया घोषाल त्या 'आ'वर किंचित रेंगाळतात आणि 'मी' हा शब्द आपल्या डोळ्यांदेखत डळमळीत होतो. याचे मराठी भाषांतर होते, पण तो डळमळीतपणा भाषांतरात उतरत नाही.

आता त्या 'पू'कडे येतो. 'पू' म्हणजे फूल आणि 'पूवै' म्हणजे तरुणी. 'पू वैत्ताय्' म्हणजे तू फूल माळलेस, ठेवलेस. वाली हे दोन-तीन शब्द घेऊन असे फिरवत राहतात की फूल कुठे संपते आणि पोरगी कुठे सुरू होते ते कानाला समजेनासे होते: तू फूल माळलेस, या पोरीला फूल माळलेस, आणि फूल माळता माळता पोरीच्या आत 'ती' ठेवलीस. ही 'ती' म्हणजे आग. श्लेष आणि अनुप्रास आपल्या पंतकवींनीही मन मानेल तितके केले, पण तिथे पुष्कळदा कवीची हुशारी पुढे येते आणि माणूस मागे राहतो. इथे शब्दांची ती भेसळच प्रेमाची गोष्ट सांगते, म्हणून खेळ खटकत नाही.

चंद्राचे कडवे तर मुंबईकराला वेगळे समजवावे लागू नये. चंद्राकडून भाडे घेऊन त्याला डोळ्यांच्या घरात बिऱ्हाडाला ठेवायचे का, असा प्रश्न आहे. तमिळमधले 'कुडि वैक्क' आणि आपले 'बिऱ्हाडाला ठेवणे' यांत मला काही अंतर दिसत नाही. लगेच उत्तर येते, की आपण दोघे राहतो त्या घरात तिसरे कोणी आलेले शोभेल का? पाठोपाठ खांद्याची गोष्ट निघते: मी मान टेकते त्या खांद्यावर दुसऱ्या कोणी मान टेकलेली शोभेल का? चित्रपटात हे गाणे नायकाच्या महाविद्यालयीन दिवसांतल्या प्रेमाचे आहे आणि ते सारे त्याच्या बायकोला लग्नानंतर त्याच्या डायरीतून कळते. म्हणजे ज्या घरात कोणी येऊ नये असे ठरले होते, त्या घरात दुसरीचा संसार थाटलेला आहे, आणि त्या खांद्यावर रोज कोणीतरी मान टेकते आहे. ही कथा माहीत झाल्यापासून मला त्या दोन ओळी पूर्वीसारख्या ऐकता येत नाहीत. पडद्यावरचे चित्रीकरण मात्र मला यथातथाच वाटते. गाणे डोळे मिटून ऐकावे.

आणि मग येते ते पाणी आणि तांबड्या मातीचा चिखल. जसे ते मिसळतात तसे आपण मिसळलो, एवढेच वाली म्हणतात. ऐकणाऱ्या तमिळ माणसाला मात्र तिथे एक फार जुनी कविता ऐकू येते. 'कुरुंदोगै' या संगमकालीन, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कवितांच्या, संग्रहातली ती चाळिसावी कविता: तुझी आई आणि माझी आई एकमेकींच्या कोण? तुझे वडील आणि माझे वडील कुठले सोयरे? तू आणि मी एकमेकांना ओळखत तरी कुठे होतो? तरीही तांबड्या रानात पडलेल्या पावसाच्या पाण्यासारखी आपली मने मिसळून गेली. कवीचे नाव हरवले, उपमा राहिली, म्हणून परंपरेने त्याचे नावच 'सेंबुलप्पेयनीरार्', म्हणजे तांबड्या मातीवरच्या पावसाच्या पाण्याचा कवी, असे ठेवले. आपली गाथासप्तशती ज्यांनी वाचली आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. थोडक्यात बोलायचे, नायक-नायिकेला नाव द्यायचे नाही आणि निसर्गातली एकच वस्तू अचूक ठेवायची. वाली यांनी त्या पावसाला चिखलापर्यंत खाली आणले, हे मला त्यांचे धाडस वाटते.

मी मूळचा कोकणातला. मृगाच्या पहिल्या सरीला घरामागच्या पाणंदीतून जे पाणी येते ते आंब्याच्या लोणच्याच्या खारासारखे लाल असते, आणि भांड्यात धरून रात्रभर ठेवले तरी गाळ तळाला बसतो, पण वरचे पाणी काही पांढरे होत नाही. हे मी लहानपणी करून पाहिले आहे. त्यामुळे ही उपमा मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. ती तमिळ आहे एवढेच सांगावे लागले. गाण्यात आरंभीच 'मी तू आहे का' असे विचारले होते, त्याचे उत्तर या चिखलात आहे.

सगळ्याच ओळी या तोलाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. माझ्या शिरांत तुझे रक्त, नाडीत तुझा आवाज, असली एक ओळ आहे. ती कोणत्याही भाषेतल्या कोणत्याही गीतकाराला अर्ध्या झोपेत सुचेल. गाणाऱ्यांचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. नरेश अय्यर मुंबईत वाढलेले, पण तमिळ त्यांच्या घरचीच. श्रेया घोषाल यांची मातृभाषा बंगाली, जिच्यात ळसुद्धा नाही. पुढे 'जोगवा'मध्ये हरिहरन यांच्याबरोबर 'जीव रंगला' गाताना त्यांनी मराठी सांभाळली ती आपण ऐकली आहेच. इथे त्यांच्यापुढे ळच्याही पलीकडचे अक्षर होते. जीभ मागे वळवायची पण टाळूला टेकवायची नाही, असे ते 'ऴ', वाऴि या शब्दातले.

मला ते अजून जमत नाही. पावसाला तमिळमध्ये 'मऴै' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात डब्याच्या वेळी मी गाण्यातले तो शब्द असलेले कडवे मोठ्या ऐटीत म्हणून दाखवले, तेव्हा त्या बाईंनी घास हातातच ठेवून मला थांबवले. "ल म्हणालात तर डोंगर होतो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही म्हणताय तो ळ आहे. त्याचा डोंगरही होत नाही आणि पाऊसही पडत नाही."