स्लाइडवरची नावं

जेवणानंतरचा इंग्रजीचा तास, त्यात सांगलीचा मार्च. निम्मा वर्ग पेंगतोय, उरलेला पंख्याकडे बघतोय. म्हणून यंदा इंटर्नलच्या मार्कांसाठी मी विषय दिला, चित्रपटांचे संगीतकार. चौघाचौघांचे गट, पीपीटी, आणि बोलायचं इंग्रजीतच. झोपायचंच असेल तर निदान गाणी ऐकत झोपा, एवढाच माझा उदात्त हेतू.

पहिल्या गटाने हॉलिवूडचा जॉन विल्यम्स आणला. पुरस्कारांची यादी वाचता वाचता वाचणाराच कंटाळला. मग त्यांच्यातल्या एकाने 'जॉज' या शार्कच्या सिनेमातले ते दोन सूर तोंडाने काढायला सुरुवात केली. आधी सावकाश, मग भराभर, मग अगदी अंगावर. मागचा बाक खडबडून जागा झाला. आमच्या कृष्णेत शार्क नसले तरी मगरी आहेत, त्यामुळे पाण्याखालून काहीतरी येतंय हे भय इथे कुणाला इंग्रजीतून समजावावं लागत नाही.

मुलींच्या गटाने आनंदघन घेतले. लताबाईंनी या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणून पुकारा झाला आणि बाई आपल्या जागी गप्प बसून राहिल्या, हा किस्सा एकीने इतका रंगवून सांगितला की मधे दोन वाक्यं मराठीत कधी गेली ते तिलाही कळलं नाही, मीही कळू दिलं नाही. मंगेशकर कुटुंब एके काळी सांगलीत राहायचं, आशाबाईंचा तर जन्मच इथला. हे सांगताना तिचा आवाज असा की जणू शेजारच्याच घरातली गोष्ट.

आणि मग आले लक्ष्मीकांत-प्यारेलाल. 'लक्ष्मीकांत-प्यारेलाल वॉज बॉर्न इन नाइन्टीन थर्टी सेव्हन,' पोरगा ठणठणीत आवाजात म्हणाला. १९३७ साल लक्ष्मीकांतचं, प्यारेलाल १९४० चे. पण याच्या हिशेबी माणूस एकच. 'ही प्लेड मेंडोलिन अँड व्हायोलिन.' वर्गात कुणाची पापणी हलली नाही. टोकायला तोंड उघडलं होतं, पण आप्पा आठवले आणि मिटलं.

आमचे आप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचे. सकाळी रेडिओ सिलोनवर जुनी गाणी लागली की दाढी करायला बसत. आमच्याकडे गाण्याच्या मधे बोललेलं चाले, पण निवेदक नावं सांगत असताना भांडं वाजलेलं चालत नसे. गायक, गीतकार, संगीतकार तिन्ही नावं नीट ऐकायची. शंकर-जयकिशन म्हटलं की आप्पांना तेवढ्यावर समाधान नसे. दोघांतला कोण? त्यांचा नियम ठरलेला होता. शब्द शैलेंद्रचे असतील तर चाल शंकरची, हसरतचे असतील तर जयकिशनची. अर्ध्या गालाला फेस, वस्तरा हवेत, आणि निकाल: 'जयकिशन!'

'तुम्ही काय पेटीशेजारी बसला होता?' आई आतून विचारायची.

जयकिशन १९७१ साली गेले. शंकर यांनी त्यानंतरही दोघांचंच नाव लावलं, ते १९८७ साली स्वतः जाईपर्यंत. आता आप्पांची पंचाईत झाली. एकाहत्तरनंतरच्या सिनेमातलं गाणं लागलं तरी सवयीने तोंडातून यायचं, 'जयकिशन.' आई म्हणायची, 'अहो, तो गेला की.' आप्पा आरशात बघत म्हणत, 'राहिलेली चाल असेल.'

तर शेवटचा गट. पडद्यावर चार नावं, समोर पोरं तीन. विषय राम कदम. 'पिंजरा'चे संगीतकार, जन्म मिरजेचा, म्हणजे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या मते घरचेच. १९७२ सालच्या त्या लावण्या यांच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या, पण मोबाइलवर ढोलकी सुरू झाल्याबरोबर बाकांवर बोटं वाजायला लागली. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. रागवायलाच आले असावेत, पण थोडे रेंगाळले.

'चौथा कुठाय?'

'शेडवर गेलाय मॅडम. आभाळ आलंय, बेदाणा झाकायचाय.'

तासगाव, कवठेमहांकाळकडे या दिवसांत घराघरातलं माणूस बेदाण्याच्या शेडवर असतं. द्राक्षं रॅकवर वाळत पडलेली, आणि नेमका तेव्हाच पाऊस फिरकतो.

'मग नाव कशाला ठेवलंय?'

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. 'मॅडम, गाणी त्यानंच निवडलीत. स्लाइडपण त्याच्याच. रात्री शेडवरनंच पाठवल्या.' मग सगळ्यात बुटका होता तो पुढे झाला आणि म्हणाला, 'त्याचा भाग मी बोलतो.' बोललाही. स्वतःच्या भागापेक्षा तो त्याने जास्त चांगला पाठ केला होता. शेवटच्या स्लाइडवर पोरांनी 'थँक यू'खाली पुन्हा चारही नावं टाकली होती, सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची.

नियम सरळ आहे, गैरहजर राहणाऱ्याला मार्क नाहीत. यादी शनिवारी ऑफिसात द्यायची आहे आणि त्या एका नावापुढची चौकट अजून रिकामी आहे. बघू.

संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. रात्री त्या मुलाला फोन केला, तर आधी त्यानेच विचारलं, लावणी लावली तेव्हा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला का. पोचला, म्हटलं. बेदाण्याचं काय झालं?

निम्मा माल काळा पडला, म्हणाला.