माझदा ७८७बीचं इंजिन, हाताने फिरवायचं : चारही रोटर एकदाचे फिरले

मंडळी, काल रात्री साडेअकराला चारही रोटर एकाच दांड्यावर, न अडता फिरले. घरचे झोपले होते, नाहीतर ओरडलो असतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: १९९१ची ल मां ही २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी गाडीचं आर२६बी इंजिन मी थ्रीडी प्रिंटरवर एक-तृतीयांश मापात करतोय. हे रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर एका घरात फिरतात आणि दांडा फिरवतात. मूळ रोटर केंद्रापासून टोकापर्यंत १०५ मिमी, उत्केंद्रता (रोटरचं केंद्र दांड्याच्या मध्यापासून जितकं बाजूला असतं ते अंतर) १५ मिमी. तिसरा हिस्सा म्हणजे ३५ आणि ५. एवढ्यात मॉड्यूल १चे (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) रोटरमधले ३० आणि स्थिर २० दातांचे गिअर चपखल बसतात, म्हणून हेच माप धरलं.

दुसरा रोटर दोन आठवडे अडत होता. मी घराची आतली भिंत घासत बसलो, फट पाव मिलिमीटर केली, तरी तेच. दोष गिअरचा निघाला. एक दात चुकला की रोटर १२ अंश तिरका बसतो आणि टोक भिंतीत रुततं. आता जुळणाऱ्या दातांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिलेत. दांडाही तुकड्यांत करावा लागला, कारण मधले स्थिर गिअर उत्केंद्री गोळ्यांवरून (दांड्याचे बाजूला सरकलेले भाग, ज्यांवर रोटर बसतात) सरकत नाहीत. गोळे एकमेकांशी ९० अंशांत हवेत. इथे तुकडे जोडणारी खीळ किंचित चुकली तर काही अडत नाही, पण ठोक्यांची लय बिघडते.

ती लय ऐकायलाच तर हा सगळा खटाटोप! दांड्याच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक ठोका, म्हणजे खऱ्या इंजिनात इंधनाचा एक स्फोट. ९,००० आरपीएमला चार रोटरचे सेकंदाला ६०० ठोके. पण आठ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिनही त्याच वेगाला तेवढेच ठोके देतं. मग ७८७बीची ती किंकाळीसारखी आवाजाची धार कुठून येते? एक्झॉस्टच्या भोकावर टिश्यू पेपरची पट्टी चिकटवून दांडा फिरवला तेव्हा ते हाताला कळलं. नेहमीच्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. इथे व्हॉल्व्हच नाही. रोटरचं टोक पुढे गेलं की भोक झटक्यात मोकळं होतं आणि पट्टी फाडकन उडते. तो झटका सेकंदाला ६०० वेळा, तोही आगीसकट, असा विचार केला आणि अंगावर काटा आला.

माझ्या पीएलए प्लास्टिकच्या टोकांना दहा मिनिटांत झीज दिसू लागली. मूळ इंजिनाच्या टोकांवरच्या सीरॅमिक पट्ट्या शर्यतीच्या ३६२ फेऱ्या, ४,९०० किमीहून जास्त टिकल्या. शेवटी गाडीतून उतरलेला चालक जॉनी हर्बर्ट इतका थकला होता की त्याला पोडियमवरही जाता आलं नाही. इंजिन मात्र ठणठणीत होतं.

आता पुढचं काम, वेगानुसार लांबी बदलणाऱ्या इनटेक (हवा आत घेणाऱ्या) नळ्या. एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या घ्याव्यात असं डोक्यात आहे. १२ मिमीच्या आसपास पातळ भिंतीच्या कुणी वापरल्या असतील, तर सरकताना किती फट ठेवली ते सांगा.