बिनबाह्यांच्या स्वेटरातला कोच

आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसला आलो 2009 च्या ऑगस्टमध्ये. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात शेजारचे निवृत्त पोस्टमन हातात मक्याच्या कणसांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. इथे वडीलधाऱ्यांनाही नावानेच हाक मारतात, पण माझ्या तोंडी पहिल्या दिवसापासून 'काका'च बसलं, आणि त्याचा अर्थ कळल्यावर त्यांनाही ते आवडलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "शनिवारी मॅचला आमच्याकडे येताय ना?"

मॅच म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची. हा आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू घेऊन पळायचं किंवा तो पुढे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठायचे. गाठले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. तीन वाया गेले की चौथ्यात बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब, समोरच्यांच्या हद्दीत उडवून देतात. त्याला पंट म्हणतात. प्रत्येक प्रयत्नात कुठली चाल खेळायची हे मैदानाच्या कडेला उभा असलेला कोच नाहीतर त्याचा सहायक ठरवतो. खेळणारी मुलं कॉलेजची, पण बघायला स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं येतात.

तेव्हा कोच होते जिम ट्रेसल. पांढरा शर्ट, टाय, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर. लांबून पाहिलं तर शाळेचे हेडमास्तर वाटावेत. मी पाहिलेली पहिली मोठी मॅच सप्टेंबरमधली, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धची. शेवटच्या मिनिटापर्यंत आपण 15-10 ने पुढे होतो आणि 18-15 ने हरलो. (हो, महिन्याभरात 'आपण' म्हणायला लागले होते.) त्या रात्री काकांच्या दिवाणखान्यात त्यांच्या मुलीने जे सुरू केलं, तो वाद मी पुढे पंधरा वर्षं ऐकत आले.

तिचं म्हणणं असं, की ट्रेसल घाबरून खेळतात. हाताशी इतकी वेगवान पोरं असताना चेंडू मधल्या गर्दीत घुसवतात, दोन-तीन यार्ड मिळवतात आणि मग पंट करतात. काकांचं म्हणणं, पंट म्हणजे शरणागती नव्हे. पंट ही फुटबॉलमधली सगळ्यात महत्त्वाची चाल आहे, हे ट्रेसल यांचं आवडतं मत काकांना वेदवाक्यासारखं होतं. समोरच्याला त्याच्या गोलरेषेजवळ कोंडा, तुमचा बचाव भक्कम असेल तर चूक तोच करेल, आणि ती चूक झाली की चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण घ्या. मला हे पटायला वेळ लागला नाही. मुंबईच्या रणजी संघाला 'खडूस' म्हणतात ते ऐकत वाढलेली मुलगी मी. विकेट फेकायची नाही, समोरच्याला काही फुकट द्यायचं नाही, तो कंटाळून मारायला जाईपर्यंत थांबायचं. काकांना 'खडूस' शब्दाचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा ते टाळ्या वाजवत उठले.

ही माणसं ट्रेसल यांच्यावर इतका जीव का टाकतात, ते मिशिगनशिवाय कळत नाही. मिशिगन विद्यापीठ शेजारच्या राज्यातलं, आणि नेहमीच्या हंगामातली शेवटची मॅच त्यांच्याशी. ट्रेसल यांच्या आधीचे कोच जॉन कूपर यांनी तेरा वर्षांत ती फक्त दोनदा जिंकली. 2001 च्या जानेवारीत ट्रेसल यांची ओळख बास्केटबॉलच्या मॅचमध्ये करून दिली गेली, तेव्हा त्यांनी सांगितलं की 310 दिवसांनी मिशिगनमध्ये तुम्हाला या मुलांचा अभिमान वाटेल. ती मॅच ते 26-20 ने जिंकले. दहा वर्षांत नऊ विजय मिळवले. काका एवढंच सांगून गप्प बसायचे, कारण कोलंबसमध्ये त्यानंतर युक्तिवाद उरत नाही.

मुलगी मात्र गप्प बसायची नाही. 2002 च्या हंगामात संघ चौदापैकी चौदा मॅच जिंकून राष्ट्रीय विजेता झाला, पण त्यातल्या कितीतरी नखभर अंतराने. पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध 6-3 ने मागे, दीड मिनिट उरलेलं, चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा. सगळ्यांना वाटलं मधून घुसणार. ट्रेसल यांनी पासची, म्हणजे चेंडू फेकायची, चाल दिली आणि फेकणाऱ्या क्रेग क्रेंझेलने 37 यार्डांवर मायकेल जेन्किन्सला चेंडू पोचवला. 10-6. काका म्हणतात, बघ किती धाडसी होता. मुलगी म्हणते, त्या चालीत पहिला पर्याय जवळचा खेळाडू होता, लांब फेकायचं क्रेंझेलने ठरवलं! दोघांचंही खरं आहे. मला वाटतं धाडस कोचचंही होतंच: जवळच्या पासासोबत लांबची वाटही त्यानेच उघडी ठेवली होती आणि मुलावर विश्वास टाकला होता.

याउलट 2007 च्या जानेवारीतला अंतिम सामना, फ्लोरिडाविरुद्ध. संपूर्ण मॅचमध्ये फक्त 82 यार्ड, आणि 41-14 असा पराभव. ट्रेसल यांचं ऑफेन्स, म्हणजे आक्रमण, जुनाट होतं याचा पुरावा म्हणून आजही हीच मॅच पुढे केली जाते. मी ती जुनी मॅच पुन्हा बसून पाहिली. 24-14 ने मागे असताना, स्वतःच्या 29 यार्डांच्या रेषेवर, चौथ्या प्रयत्नाला ट्रेसल यांनी पंट केला नाही. एक यार्ड हवा होता, तो मिळाला नाही, आणि तिथून सामना निसटला. म्हणजे त्या रात्री घात केला तो त्यांच्या खडूसपणाने नव्हे. आयुष्यभराची शिस्त त्यांनी एका क्षणासाठी सोडली होती. ही गोष्ट मी आठवड्याभराने काकांना सांगितली. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

2024 च्या नोव्हेंबरात मिशिगनने आम्हाला आमच्याच मैदानावर 13-10 ने हरवलं. सगळं शहर चिडलं होतं, आताचे कोच रायन डे मधल्या गर्दीतच का घुसवत राहिले म्हणून. काकांचा फोन आला: "ट्रेसल असते तर जिंकलो असतो." मुलगी मागून ओरडली: "बाबा, 13-10 हा ट्रेसलचाच स्कोअर आहे!" तोच संघ जानेवारीत राष्ट्रीय विजेता झाला, तरी मिशिगनची सल गेली नाही.

पण एक विषय आहे, ज्यावर काकांची बाजू बदलते. काही खेळाडूंनी आपल्या ट्रॉफ्या, जर्सी देऊन टॅटू आणि पैसे घेतले होते. तेव्हाच्या नियमांत ते बसत नव्हतं. ट्रेसल यांना 2010 च्या एप्रिलमध्ये ईमेलवरून कळलं होतं, तरी सप्टेंबरमध्ये त्यांनी कुठलाही नियमभंग माहीत नसल्याच्या फॉर्मवर सही केली. 2011 च्या मे महिन्यात त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि 2010 चे बाराही विजय नोंदीतून पुसले गेले. मुलगी त्यांची बाजू घेते: 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली, मग त्या पोरांचं चुकलं काय, आणि कोचने त्यांना सांभाळलं तर बिघडलं काय? काका ऐकून घेतात आणि म्हणतात, "मी चौतीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन सह्या घेतल्या. सही म्हणजे सही." मीही काकांच्याच बाजूची आहे.

2012 च्या नोव्हेंबरात मिशिगनच्या मॅचमध्ये 2002 च्या संघाचा सत्कार होता. जुन्या खेळाडूंनी ट्रेसल यांना खांद्यावर उचललं आणि लाखभर माणसं ओरडायला लागली. त्या दिवशी ओहायो स्टेट 26-21 ने जिंकलं, बारापैकी बारा मॅच जिंकून. पण त्या जुन्या प्रकरणाची शिक्षा म्हणून त्या वर्षीच्या मुलांना हंगामानंतरचा एकही सामना खेळता येणार नव्हता.

आम्ही काकांच्या घरी टीव्हीवर बघत होतो. दहा वर्षं पंटला नावं ठेवणारी मुलगी उभी राहून रडत होती. काका खुर्चीतच बसून होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग हात मांडीवर ठेवले आणि पडद्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या वर्षीच्या पोरांकडे बोट करून मला विचारलं, "आता यांनी काय करायचं?"