वेलास्केसचं अंडं टेबलावर आणताना: माझा अनुभव

एडिनबरामध्ये एका स्पॅनिश रेस्टॉरंटच्या किचनमध्ये मी काम करते. मागच्या हिवाळ्यात हेड शेफने आम्हा सगळ्यांना सांगितलं की जुन्या स्पॅनिश चित्रावरून प्रत्येकाने एक तापा, म्हणजे छोट्या प्लेटमधला स्पॅनिश पदार्थ, करायचा, पण आजच्या पद्धतीने, आणि जमला तर मेनूवर घेऊ. मला चित्र शोधायला लांब जावंच लागलं नाही, इथल्या नॅशनल गॅलरीत वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराचं 'अंडी तळणारी म्हातारी' आहे, १६१८ चं, सेव्हियात काढलेलं, तेव्हा तो जेमतेम १८-१९ वर्षांचा होता. तिकीट नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तीन-चारदा जाऊन नुसती बघत उभी राहिले.

म्हातारीच्या एका हातात लाकडी चमचा, दुसऱ्यात अख्खं अंडं, समोर शेगडीवर मातीचं भांडं. शेजारी काखेत खरबूज घेतलेला पोरगा. पुढे पितळी खलबत्ता, कांदा, मिरच्या, आणि वाडग्यावर आडवी ठेवलेली सुरी, तिची वाडग्यात पडलेली वाकडी सावली बघायला तर पुन्हा पुन्हा जावं.

पहिल्यांदा मी हे सगळंच प्लेटमध्ये घातलं, खरबुजाची जेली, कांद्याचं लोणचं, मिरचीचं तेल, वर अंडं, आणि दिसायला छान पण खाताना कशाचा कशाला पत्ता नाही. मग अंड्यावरच लक्ष दिलं. रोनरमध्ये, म्हणजे जोआन रोका या शेफने नार्सिस कानेरबरोबर केलेलं ते ठराविक तापमानाचं पाणी ठेवणारं मशीन, त्यात ६३ डिग्रीला तासभर. अंडं एकदम मऊ, सुंदर, सगळीकडून सारखं. आणि तिथेच अडलं, कारण चित्रातलं अंडं सारखं नाहीये ना! त्यात पांढरं अर्धं दुधाळ झालंय, अर्धं अजून पारदर्शक आहे. पांढऱ्यातली सगळी प्रोटीन एकाच वेळी घट्ट होत नाहीत, काही ६१-६२ डिग्रीला धरायला लागतात आणि जे सगळ्यात जास्त असतं त्याला ८० च्या आसपास जावं लागतं, तो मधला काळ त्या १८-१९ वर्षांच्या वेलास्केसने रंगात पकडलाय. मला तो मधला काळच गिऱ्हाईकाला द्यायचा होता, शिजून तयार झालेलं अंडं नाही.

म्हणून ठरवलं की अंडं टेबलावरच शिजणार. कासुएला, म्हणजे मातीचं पसरट स्पॅनिश भांडं, घ्यायचं, ऑलिव्ह ऑइल आणि लसूण घालून किचनमध्ये तापवायचं, आणि अंडं गिऱ्हाईकासमोर फोडायचं. पहिलं कासुएला गॅसवर ठेवल्या ठेवल्या तडकलं, तेल सगळीकडे. रात्री आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, नवीन मातीचं भांडं आधी रात्रभर पाण्यात घालून ठेवतात, आजी काय करायची ते विसरलीस का?" तसं केलं, पुढची सहा टिकली. तेल किती तापवायचं यात आठवडा गेला, जास्त तापलं की कडेला पुंतिया येते, म्हणजे ती कुरकुरीत जाळी. स्पेनमध्ये लोकांना ती फार आवडते, मलाही आवडते, पण चित्रात ती नाहीये त्यामुळे नको. शेवटी १२० च्या आसपास जमलं, पांढरं हळूहळू कडेकडून दुधाळ होत जातं आणि मधे काचेसारखं राहतं.

शेफने चाखून एकच बदल सांगितला, मिरचीचं तेल काढून पिमेंतोन, म्हणजे स्पॅनिश लाल मिरचीची पूड, वरून भुरभुरायचं. फेब्रुवारीत मेनूवर गेलं. सोबत लाकडी चमचा देतो, काटा नाही.

खरबुजाचं मात्र अजून जमलेलं नाही. शेरी व्हिनेगरमध्ये व्हॅक्यूम करून तुकडे देते, पण ते अंड्याशेजारी गोडच लागतात, आणि काढून टाकायला मन होत नाही कारण तो पोरगा ते इतकं घट्ट धरून उभा आहे. सोमवारी सुट्टी आहे, परत एकदा जाऊन बघते.